दुभाष्याची रजा

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास साक्षीदाराच्या पिंजऱ्यातली म्हातारी म्हणाली, "माझ्या पोरीच्या चपला आतून दाराला टेकून होत्या, अय्या," आणि तिल्लैनाथनने नेहमीसारखी नजर समोरच्या भिंतीवर ठेवून ते वाक्य कोर्टाला सांगितलं. टंकलेखक बाईची बोटं तशीच हवेत राहिली. न्यायाधीशबाईंनी मान वर केली आणि त्या म्हणाल्या, "दुभाषी, सिंहलीत सांगा." तिल्लैनाथनला वाटलं, पंख्याच्या घरघरीत त्यांना ऐकू आलं नसेल. त्याने तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने, शब्द सुटे करून सांगितलं. मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. मग बचाव पक्षाचा तरुण वकील, ज्याच्याशी दहा वर्षांत त्याचं नमस्कारापलीकडे बोलणं झालं नव्हतं, जरा वाकून हलक्या आवाजात म्हणाला, "नादन सर, तुम्ही तमिळच बोलताय."

घडलं ते एवढंच. कोर्ट पंधरा मिनिटं उठलं, त्याला कोणी पाणी आणून दिलं, आणि त्या दिवसाचं काम पुढे ढकललं गेलं. पण तिल्लैनाथन कोलंबोतल्या वेल्लवत्तेच्या आपल्या घरी बसने परतला तेव्हा सगळ्या रस्ताभर तो जीभ टाळूला लावून बघत होता. एकतीस वर्षं त्याच्या तोंडात दोन भाषा दोन वेगळ्या खणांत राहिल्या होत्या. कोणता खण उघडतोय हे त्याला हाताला कळावं तसं कळायचं. आज हात खणात गेला होता आणि त्याला वाटलं होतं की तो दुसऱ्याच खणात आहे. चूक झाल्याचं त्याला काही वाटलं नाही, चूक झाली हेच त्याला कळलं नव्हतं, हे जास्त वाईट होतं. त्या म्हातारीची एकोणीस वर्षांची मुलगी एका कपड्यांच्या कोठाराच्या आगीत गेली होती. दार उघडंच होतं असं मालकाचं म्हणणं होतं. चहाच्या मळ्यातून उतरून आलेली ती म्हातारी, वळ्ळियम्मा तिचं नाव, नऊ दिवस पिंजऱ्यात उभी राहून बोलत होती आणि नऊ दिवस तिल्लैनाथन तिच्यासाठी 'मी' म्हणत होता. दुभाष्याने 'ती म्हणते' असं म्हणायचं नसतं. 'मी' म्हणायचं. मी त्याला कोयत्याने मारलं. मी तेव्हा झोपले होते. मला काही आठवत नाही, महाराज. एकतीस वर्षांत त्याने हजारो माणसांचा 'मी' तोंडात घेतला आणि संध्याकाळी गुळणी करून टाकल्यासारखा टाकला. निदान त्याला वाटत होतं, टाकला.

डॉक्टरने गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, यंत्रात घालून डोक्याचे फोटो काढले. "मेंदू ठणठणीत आहे," तो म्हणाला. "थकलाय. कुठेतरी समुद्राकाठी जाऊन राहा."

"आम्ही समुद्राकाठीच राहतो, डॉक्टर," पुनिता म्हणाली. त्याच्या बायकोला अशा जागी गप्प बसवत नाही.

"मग असं करा, अम्मा, समुद्राकडे बघता येईल अशा ठिकाणी जा."

हे सगळं पुनिताने फोनवर ओस्लोतल्या मुलीला सांगितलं आणि कयलने, त्यांच्या त्या एकुलत्या एकीने, दोन दिवसांत दक्षिणेला तंगालेच्या पुढची एक जागा सहा रात्रींसाठी ठरवून टाकली. फोटोत माडांच्या बनात सुटी सुटी घरं होती आणि प्रत्येक घरापुढे पाण्याचं चौकोनी कुंड. "अप्पा, नाही म्हणायचं नाही," ती म्हणाली. "रजिस्ट्रार बाईंनी रजा दिलीय, मी जागा दिलीय, तुम्ही फक्त काही करायचं नाही." दक्षिणेला, हा शब्द तिल्लैनाथनने मनात एकदा उलटून पाहिला आणि तसाच ठेवून दिला. त्याने मान डोलावली. घरात तो बहुतेक मानेनेच बोलायचा. त्यांचा तसा करारच झाला होता म्हणा ना: घरात पुनिता दोघांच्या वतीने बोलायची, आणि घराबाहेर, बँकेत, दवाखान्यात, पोस्टात, जिथे जिथे सिंहली लागायची तिथे तो तिच्या वतीने. कोलंबोत चौतीस वर्षं काढूनही पुनिताची सिंहली भाजीवाल्याच्या गाडीपुढे सरकली नव्हती.

रविवारी दुपारी ते पोचले तेव्हा एका मुलीने त्यांना वेताच्या खुर्चीत बसवलं आणि पितळेच्या घंगाळात पाय ठेवायला सांगितले. पाणी कोमट होतं, वर पांढरी फुलं तरंगत होती. तिने तिल्लैनाथनचा पाय हातात घेतल्याबरोबर त्याने तो विजेचा झटका बसल्यासारखा मागे घेतला. पुनिताने मात्र डोळे मिटून दोन्ही पाय पुढे केले आणि तमिळमध्ये म्हणाली, "अहो, धुऊ द्या. देवाचे धुतात तेव्हा तो काय पाय मागे घेतो?" मग पियसिरी आला. पन्नाशी ओलांडलेला, शेलाटा, पांढऱ्या लुंगीवजा सरोंगचा माणूस. त्यांच्या घराची व्यवस्था त्याच्याकडे होती. त्याच्या हातात एक जाड कागद होता.

"साहेब, उशी कुठली देऊ? मऊ, कडक, सावरीच्या कापसाची की गवती वाळ्याची?"

तिल्लैनाथनने सवयीने पुनिताकडे वळून ते तमिळमध्ये सांगितलं.

"मला विचारतोय की तुम्हाला?"

"दोघांना."

"मग माझी सावरीची. तुमची तुम्ही सांगा."

तिल्लैनाथन कागदाकडे बघत राहिला. खून, फसवणूक, बांधाचे तंटे, सोडचिठ्ठ्या, या सगळ्यांत त्याला कधी एवढा वेळ लागला नव्हता. "कुठलीही चालेल," तो म्हणाला.

"कुठलीही नावाची उशी आमच्याकडे नाही, साहेब," पियसिरी अदबीने म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. मग जाता जाता थांबून म्हणाला, "साहेब कोलंबोचे ना? पण बोली इकडची वाटते. जुन्या माणसांची."

तिल्लैनाथनने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. रात्री चारही उशा पलंगावर होत्या. आणि पलंगाच्या मधोमध टॉवेलांचे दोन हंस मानेला मान लावून बसले होते, भोवती जास्वंदीची फुलं. पुनिताने ते मोडायला साफ नकार दिला. "एवढं कुणीतरी बसून केलंय," ती म्हणाली, आणि नवराबायको पलंगाच्या दोन कडांना, मध्ये हंस ठेवून झोपले.

दुसऱ्या दिवसापासून वेळ पसरू लागला. तिल्लैनाथनला याची सवय नव्हती. त्याचा दिवस प्रश्न आणि उत्तर, प्रश्न आणि उत्तर असा चिरफळ्या करून ठेवलेला असायचा. इथे सकाळ एकसंध होती. ती माडांच्या झावळ्यांतून हळूहळू खाली उतरायची, आधी कुंडाच्या पाण्यावर, मग पायरीवर, मग त्याच्या पायांच्या बोटांवर. न्हाणीघराला छप्पर नव्हतं. अंगावर पाणी पडत असताना वर बघितलं तर आकाश, आणि भिंतीच्या कठड्यावर बसलेली एक घोरपड, जी त्याच्याकडे कोर्टातल्या जुन्या शिपायासारखी निर्विकार बघत असे. नाश्त्याला अप्पम यायचे, कडा कुरकुरीत, मधलं पोट लुसलुशीत, सोबत नारळाची लालभडक चटणी, आणि शेवटी मडक्यातलं म्हशीचं घट्ट दही, त्यावर काळा, धुरकट वासाचा ताडगुळाचा पाक. तो पहिला घास घेऊन थांबायचा. चव जिभेच्या कुठल्या भागावर पोचतेय ते बघायचा. एवढं हळू आपण शेवटचं कधी खाल्लं? माड चढणारा माणूस एका माडावरून दुसऱ्या माडावर बांधलेल्या दोरीवरून चालत जायचा, कमरेला ताडीचं मडकं, आणि तिल्लैनाथन मान वर करून तो शेवटच्या माडापर्यंत पोचेतो बघत राहायचा. कोणी त्याला हाक मारत नव्हतं. कोणाचं काही सांगायचं नव्हतं. आणि या सगळ्याच्या खाली, पाण्याखाली खडक असावा तशी, एक बेचैनी होती: हे सगळं कोणासाठी चाललंय? पियसिरी रोज सकाळी त्यांच्या दारापुढची वाळू दाताळ्याने विंचरायचा, त्यात लाटांसारख्या रेघा काढायचा. त्यावरून पहिलं पाऊल टाकताना तिल्लैनाथनला आपण कोणाच्या तरी जागेवर चालतोय असं वाटायचं. ज्याच्यासाठी ही वाळू विंचरली तो माणूस अजून यायचाय, आपण त्याच्या वतीने तेवढे आलोय.

पुनिताला असलं काही होत नव्हतं. तिने पहिल्या दिवशी झाडलोटवाली यायच्या आत स्वतः चादरी घडी करून ठेवल्या, टॉवेल धुऊन वाळत घातले, आणि त्या बाईने कपाळावर हात मारल्यावर दोघी खूप हसल्या. दुसऱ्या दिवसापासून तिने ते सोडलं आणि गुडघ्यापर्यंत साडी खोचून कुंडात पाय सोडून बसायला लागली. मूठभर सिंहली शब्द आणि दोन्ही हात एवढ्यावर तिचं सगळ्यांशी बोलणं चालायचं. तिल्लैनाथन सवयीने मध्ये पडायचा. "ती म्हणतेय की..." आणि पुनिता त्याला थांबवायची, "कळलं हो मला. तुम्ही रजेवर आहात ना?"

मंगळवारी फोन आला. रजिस्ट्रार गुणतिलक बाई. त्यांच्या आवाजात नेहमीचा करडेपणा नव्हता. दुसरा दुभाषी आणला होता, म्हणाल्या, चांगला पदवीधर माणूस. पण वळ्ळियम्मा बोलेना. न्यायाधीशबाईंनी समजावलं, सरकारी वकिलांनी समजावलं. ती एवढंच म्हणते की मी म्हणते ते तसंच म्हणणारा तो अय्या येऊ दे. "पुढच्या मंगळवारची तारीख पडलीय. तुम्ही येऊ शकाल का, नादन? आलात तर शुक्रवारीच या, कागद पुन्हा बघून घेता येतील. नाही आलात तरी... म्हणजे, तुमची तब्येत आहेच." उद्या कळवतो, असं तो म्हणाला. उद्या आला आणि गेला, त्याने कळवलं नाही.

"त्यांना सांगा, आधी माणसाचं डोकं पिळून घेतलंत, आता पुन्हा पीळ द्यायला बोलावताय," पुनिता म्हणाली. पण मग थोड्या वेळाने, पाणी पायाने ढवळत, ती म्हणाली, "बाई थांबलीय तुमच्यासाठी?"

"हो."

"हं," ती म्हणाली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, आणि तेच त्याला जड गेलं.

कारण जायचं नाही असं नव्हतं. भीती वेगळीच होती. पिंजऱ्याशेजारी उभं राहायचं, म्हातारी तेच वाक्य म्हणणार, आणि आपण तोंड उघडल्यावर काय बाहेर येईल ते आपल्याला ठाऊक नाही. तो माडांखाली पडून ते वाक्य सिंहलीत मनातल्या मनात म्हणून बघायचा. व्हायचं. दहा वेळा बरोबर व्हायचं. पण त्या दिवशीही त्याला बरोबरच झाल्यासारखं वाटलं होतं. मग डोळे मिटल्यावर चपलांचं ते दार जायचं आणि दुसरंच दार यायचं, फळ्यांचं, निळा रंग उडालेलं, खाली वीतभर फट. फटीतून उजेडाची पट्टी आणि त्या पट्टीत नारळाच्या सोडणांची तुसं. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. वडील दक्षिणेतल्या मातऱ्याच्या रेल्वे स्टेशनात कारकून होते आणि तिल्लैनाथन गल्लीतल्या पोरांबरोबर सिंहलीतच भांडत, सिंहलीतच शिव्या देत मोठा झाला होता. सत्याहत्तर सालच्या ऑगस्टात, तमिळांची घरं जाळली जात असताना, शेजारच्या सिंहली बाईने त्यांना, आईवडील, हा आणि धाकटी बहीण, आपल्या सोडणांच्या खोलीत दोन दिवस ठेवलं. आई भुईकडे बघत बसायची. बोलायचं नाही. खोकायचं नाही. आवाज फुटलाच तर आपल्या बोलीत फुटेल, म्हणून तोंडात पदर. तिसऱ्या दिवशी दुपारी बाईने त्यांना लॉरीत... इथपर्यंत आलं की तो डोळे उघडायचा. समोर समुद्र असायचा, इतका निळा की त्याला लाज वाटायची. सत्तेचाळीस वर्षांत तो दक्षिणेला एकदाही आला नव्हता. काम नव्हतं, एवढंच त्याने नेहमी सांगितलं. पुनितालासुद्धा.

गुरुवारी दुपारी जेवणाआधी त्याचा डोळा लागला. सावरीच्या उशीवर, पुनिताच्या. वाळ्याची त्याला आवडली नव्हती हे त्याला चार दिवसांनी कळलं होतं. जाग आली तेव्हा पलंगाची दुसरी बाजू रिकामी होती. तो हाक मारत बाहेर आला. कुंडाशी कोणी नव्हतं. पायरीवर तिच्या चपला नव्हत्या. न्हाणीघरात नव्हती, वाटेवर नव्हती. तो किनाऱ्यावर गेला. त्या बाजूचा समुद्र पोहण्याचा नाही. लाटा लांबून सभ्यपणे येतात आणि काठाशी एकदम उलटतात, पायाखालची वाळू ओढून नेतात. पुनिताला रोज सकाळी घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहायचं वेड लागलं होतं. किनारा दोन्ही बाजूंना रिकामा होता. दूर एक होडी उपडी पडलेली. ओल्या वाळूवर पावलं होती आणि ती पाण्यात गेली होती. कोणाची, कधीची, सांगता येत नव्हतं. तिल्लैनाथन धावू लागला. सत्तावन्नाव्या वर्षी, सरोंग हातात धरून, वाळूत पाय रुतवत तो धावला आणि ओरडला, "पुनिता! पुनिता!" आणि माडांतून दाताळं घेऊन येणारा पियसिरी दिसला तेव्हा त्याच्याकडे धावत जाऊन, त्याचा दंड धरून ओरडला, "माझी बायको कुठे आहे? पाहिलंत का तिला? पाण्यात गेली का? मी झोपलो होतो, मला कळलं नाही, कुठे गेली ती?"

पियसिरीने दाताळं वाळूत रोवलं. "अम्मा ना? स्वयंपाकघरात आहेत, साहेब," तो म्हणाला. "मघापासून. सोमा अक्काला कामाला लावलंय त्यांनी."

तिल्लैनाथन धापा टाकत उभा राहिला. गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. मग हळूच, खूप उशिरा, त्याच्या कानात त्याचाच आवाज परत आला. तो वर बघून म्हणाला, या वेळी सिंहलीत, एक एक शब्द चाचपत, "मी आत्ता तमिळ बोललो."

"हो."

"सगळं? सगळं तमिळ?"

"सगळं," पियसिरी म्हणाला. "मला तमिळ येत नाही, साहेब. पण दुपारच्या उन्हात माणूस असा धावत येतो तो काय बाजारभाव विचारायला येतो? बायको हरवलीय हे कुठल्याही भाषेत कळतं. माझी एकदा कतरगामाच्या जत्रेत हरवली होती. मी तर नुसता रडत होतो. तेही लोकांना कळलं."

तिल्लैनाथनला हसू आलं, आणि हसताना ते हसू मध्येच फाटलं. तो वाळूत बसला. पियसिरीने काही विचारलं नाही. तो जरा पलीकडे जाऊन, पाठ करून, उगाचच वाळू विंचरत राहिला. लाट येत होती, उलटत होती, जात होती. आपण या किनाऱ्यावर तमिळ ओरडलो. छातीच्या तळापासून, दक्षिणेच्या भर उन्हात, चार माणसांना ऐकू जाईल असं. आणि काय झालं? एका माणसाने दाताळं रोवलं आणि बायको कुठे आहे ते सांगितलं. तिल्लैनाथन कितीतरी वेळ याच गोष्टीकडे बघत बसला, अप्पमचा पहिला घास तोंडात धरावा तसा. ती चूक होती की नव्हती हे त्याला ठरवता येईना. डॉक्टरला सांगितलं तर तो कदाचित पुन्हा हातोडी काढेल. पण या वेळी त्याला भीती वाटली नाही. आत कुठेतरी तोंडातला पदर कोणीतरी काढून घेतल्यासारखं वाटत होतं. वारा तोंडात जात होता आणि तो खारट होता.

स्वयंपाकघर मागच्या बाजूला होतं. पुनिता भल्यामोठ्या पातेल्यासमोर उभी होती, घामाने कुंकू नाकापर्यंत ओघळलेलं, आणि शेजारी सोमलता, तिथली मुख्य स्वयंपाकीण, पातेल्यात साशंकपणे डोकावत होती. पुनिताने घरून निघताना पिशवीत काय काय कोंबलं होतं ते आता त्याला कळलं: ताडाच्या कोंबांचं वाळवलेलं पीठ, यापाणातून, म्हणजे जाफन्यातून, भावाने पाठवलेलं. त्याचं कूळ, तिकडचं मासळीचं दाट सार, चाललं होतं. खेकडे, कोळंबी, मासळी, फणसाच्या आठळ्या, चवळीच्या शेंगा, चिंचेचा कोळ, सगळं एकत्र रटरटत होतं.

"हे काय, अक्का, चिखल शिजवताय?" सोमलता सिंहलीत म्हणाली.

"चिखल नाही. अमृत," पुनिता तिच्या मोडक्या सिंहलीत म्हणाली. "तू पी. मग बोल."

"आणि पोट बिघडलं तर?"

"तर नवऱ्याला दे. त्याचं बिघडव."

दोघी एकमेकींना 'अक्का' म्हणत होत्या. तो शब्द दोन्हीकडे एकच. तिल्लैनाथन दारात उभा होता. चौतीस वर्षं या बाईच्या वतीने आपण बोलत आलो, त्याला वाटलं, आणि ही आपल्यापेक्षा विनोदी बोलते. पुनिताने मागे वळून पाहिलं. "अहो, असे काय दिसताय? वाळूत लोळलात की काय?"

"तुला शोधत होतो."

"मी कुठे जाणारेय?" ती म्हणाली आणि पुन्हा पातेल्याकडे वळली. त्या तीन शब्दांसाठी त्याला कोणाचे तरी पाय धरावेसे वाटले. कोणाचे, ते कळेना. पण तेवढ्यावरून अडायचं कारण नव्हतं. पाय धरावेसे वाटतायत, एवढं पुरे होतं.

कूळ शिजेपर्यंत तो बाहेर गेला आणि कोर्टात फोन लावला. गुणतिलक बाई लगेच फोनवर आल्या. "मंगळवारी येतो," तो म्हणाला. "सकाळी नऊला."

"शुक्रवारी..."

"शुक्रवारी नाही, मॅडम. मी इथे आहे शनिवारपर्यंत. कागद मला पाठ आहेत." असलं काही त्याने त्या बाईंना कधी सांगितलं नव्हतं. "आणि एक. त्या म्हातारीला पिंजऱ्यात खुर्ची हवी. नऊ दिवस उभी आहे ती. आणि तासाभराने दहा मिनिटं थांबायचं. तिच्यासाठी आणि माझ्यासाठीही. माझं पुन्हा चुकलं तर चुकलं, वकिलांनी सांगावं, मी दुरुस्त करीन."

"खुर्चीचं मी आजच बघते," गुणतिलक बाई म्हणाल्या. मग, फोन ठेवता ठेवता, "तिकडे पाऊस नाही ना?"

"नाही, मॅडम. ऊन आहे. छान ऊन आहे."

तीन वाजता जेवण झालं. पाहुण्यांच्या जागी पांढऱ्या टेबलावर वाढायची सोमलताची तयारी होती, पण पुनिताने ऐकलं नाही. कूळ एकट्यादुकट्याने प्यायचं नसतं, घोळक्यात बसूनच प्यायचं असतं. शेवटी स्वयंपाकघरामागच्या नोकरांच्या लांब बाकावर सगळे बसले, पियसिरी, सोमलता, झाडलोटवाली, पाय धुणारी ती मुलगी, नुकताच माडावरून उतरलेला माणूस. पहिल्या घोटाला सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला कोणी बोललं नाही, तिसऱ्याला सोमलता म्हणाली, "अक्का, हे आमच्या यादीत घालते." मग वाडग्यातून तोंड काढून पियसिरीने सहज विचारलं, "साहेब, पहिल्या दिवशी विचारलं होतं, तुम्ही बोलला नाहीत. तुमची बोली इकडची कशी?"

तिल्लैनाथनने वाडगं खाली ठेवलं. "मी मातऱ्याचा," तो सिंहलीत म्हणाला. मग पुनिताकडे वळून तमिळमध्ये, "मी मातऱ्याचा, हे त्यांना सांगतोय." पुनिता त्याच्याकडे बघत राहिली. त्याने सांगायला सुरुवात केली. एक वाक्य सिंहलीत, तेच तमिळमध्ये, मग पुढचं. त्याला घाई नव्हती. वडील स्टेशनात होते. शेजारी चंद्रावती नावाची बाई होती, आम्ही नेंदा म्हणायचो, आत्या. दोन दिवस तिने आम्हाला सोडणांच्या खोलीत लपवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने आम्हाला नारळांच्या लॉरीत घातलं. आईवडील आणि बहीण मागे पोत्यांखाली, मी पुढे तिच्या शेजारी. वाटेत काठ्या घेतलेल्या माणसांनी लॉरी अडवली. एकाने आत डोकं घालून मला विचारलं, तुझं नाव काय? मी म्हणालो, सरत. हा तुझा कोण, त्याने नेंदाला विचारलं. माझा मुलगा, ती म्हणाली. तिला सरत नावाचा मुलगा होता. तो आदल्या वर्षी तापाने गेला होता. तिने माझ्याकडे बघितलं नाही. समोरच बघत राहिली. त्या माणसाने लॉरीवर थाप मारली आणि आम्ही गेलो. पुढे स्टेशनावर तिने आम्हाला उतरवलं. मी तिला काहीच म्हणालो नाही. बोलायचं नाही असं आईने बजावलं होतं, आणि मला वाटलं, अजूनही नाही.

हे शेवटचं वाक्य तमिळमध्ये सांगून झालं तेव्हा पुनिता त्याच्या जवळ सरकली. चौतीस वर्षांत न सांगितलेली ही गोष्ट तिला एवढ्या माणसांत ऐकायला लागली याचा राग तिच्या चेहऱ्यावर असेल, असं त्याला वाटलं. पण तिने फक्त त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मातऱ्यावरूनच जातो ना आपण परत? शनिवारी थांबू. तिचं कोणी असलं तर असलं. नसलं तर रस्त्याला नमस्कार करून येऊ."

"स्टेशनमागची गल्ली का?" पियसिरी म्हणाला. "माझा मेहुणा राहतो तिकडे. आज फोन करतो. शोधून काढू, साहेब."

सोमलताने पदराने डोळे पुसले, कुळाच्या तिखटाने असतील म्हणून कोणी काही विचारलं नाही. ती स्वयंपाकीण होती. तिला स्वयंपाकिणीचाच प्रश्न सुचला. "दोन दिवस त्या बाईने तुम्हाला जेवायला काय दिलं, साहेब?"

तिल्लैनाथनला आठवावं लागलंच नाही. "भात आणि मसुराची आमटी. आणि सुकटीचा तुकडा. फळीखालच्या फटीतून ताट आत सरकवायची." बोलता बोलता त्याच्या जिभेवर ती आमटी आली, कोमट, जरा जास्तच खारट. "खूप चांगली होती," तो म्हणाला, आधी एका भाषेत, मग दुसऱ्या. "मी एवढं चांगलं कधी जेवलो नाही."

ऊन बाकाच्या टोकाशी आलं होतं. झाडलोटवालीने पातेलं जवळ ओढलं, तळाशी डाव घालून ढवळलं आणि खेकड्याची एक मोठी नांगी वर काढली.

"अजून वाढू का, साहेब?"

तिल्लैनाथनने वाडगं दोन्ही हातांनी पुढे केलं. "वाढा," तो म्हणाला. "भरून वाढा."